चालक पट्ट्याची उष्णता : उगम, परिणाम व नियमन

१. प्रास्ताविक

बंगळुरू शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत इलेक्ट्रॉनिक सिटी ही औद्योगिक वसाहत आहे. कर्नाटक शासनाच्या 'किऑनिक्स' या संस्थेचे प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून इ. स. १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर तिची स्थापना झाली. इ. स. २०१० मध्ये सिल्क बोर्ड चौकाच्या बाजूने या वसाहतीकडे जाणारा उन्नत मार्ग खुला झाला व ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो रेल्वेची पिवळी मार्गिकाही सुरू झाली. तरीही सकाळ-सायंकाळच्या गर्दीत या रस्त्यावर स्कूटरींची रीघ लागलेलीच असते. एक हात पुढे सरकावे, थांबावे, पुन्हा सरकावे, असा हा प्रवास असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या या गिअरविरहित स्कूटरींपैकी प्रत्येकीच्या डाव्या अंगास, एका बंद पेटीत, रबराचा एक पट्टा अखंड फिरत असतो. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेण्याचे काम तोच करतो. हा पट्टा चालकाच्या दृष्टीस कधी पडत नाही. पडतो तो बहुधा तुटल्यावरच.

हाच पट्टा, आकाराने मोठा व अधिक बळकट करून, आणखी एका प्रकारच्या वाहनात वापरला जातो. रस्ता सोडून वाळूत, चिखलात, दगडधोंड्यांतून व डोंगरउतारावर चालण्यासाठी बनविलेली काही उघडी चारचाकी वाहने आहेत. त्यांत चालक व सोबती शेजारी शेजारी बसतात; म्हणून त्यांस इंग्रजीत 'साइड-बाय-साइड' असे नाव पडले. आपण त्यांस जोडासनी वाहने म्हणू. हिमालयातील उंच प्रदेशात भारतीय लष्कराने अशी व या जातीची वाहने वापरात आणली आहेत. मुंबईच्या चौपाट्यांवर पोलिसांच्या गस्तीसाठीही वाळूत चालणारी याच कुळातील वाहने वापरली गेली आहेत. अशा ठिकाणी पट्टा तुटणे म्हणजे केवळ खोळंबा नव्हे. मनुष्यवस्तीपासून दूर, थंडीत वा भरतीच्या वेळी वाहन बंद पडणे हा जिवावरचा प्रसंग ठरू शकतो.

पट्टा अकाली निकामी होण्याच्या कारणांत उष्णतेचे स्थान पहिले आहे. ही उष्णता कोठून येते, ती रबराचे काय करते, आणि तिला मर्यादेत कसे ठेवावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात क्रमाने करावयाचा आहे.

२. पट्ट्याची पूर्वपीठिका

पट्ट्याने शक्ती वाहून नेण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. गावोगावच्या पिठाच्या गिरणीत इंजिनाच्या चाकावरून जात्याच्या चाकापर्यंत गेलेला लांब, सपाट पट्टा अनेकांनी पाहिला असेल. तो घसरू लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकीत असे. राळेने पट्टा चाकास चिकटून धरतो, म्हणजेच घर्षण वाढते. सपाट पट्ट्याची सारी मदार अशा पृष्ठभागावरील घर्षणावर व पट्ट्याच्या ताणावर असते. त्यामुळे तो लांब, रुंद व घट्ट ताणलेला असावा लागतो. लहानशा वाहनात त्याला जागा मिळणे कठीण.

ही अडचण पाचरीच्या आकाराच्या पट्ट्याने दूर केली. इ. स. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर व धागे यांचा असा पट्टा तयार केला. त्याचा छेद वर रुंद व खाली अरुंद असतो आणि तो कप्पीच्या तशाच आकाराच्या खाचेत बसतो. लाकूड फोडताना पाचर जशी थोड्या जोराने खोल रुतते व दोन्ही बाजूंस मोठा दाब देते, तसाच हा पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींवर दाब देतो.

पुढे या पट्ट्याच्या साहाय्याने वेग सलगपणे बदलण्याची युक्ती निघाली. हॉलंडमधील हुब व्हान डोर्न यांनी इ. स. १९५८ मध्ये 'डॅफ ६००' ही मोटार लोकांपुढे ठेवली. तिच्यात गिअरऐवजी रबरी पट्टे व रुंद-अरुंद होणाऱ्या कप्प्या होत्या. भारतात ही योजना घरोघरी पोहोचली ती 'किनेटिक होंडा' या स्कूटरीमुळे. पुण्याच्या किनेटिक उद्योगाने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने ती इ. स. १९८४ मध्ये बाजारात आणली. तिचा कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूर येथे होता. क्लच दाबणे नाही, गिअर टाकणे नाही, हे पाहून स्कूटर चालविण्यास बिचकणारे अनेक स्त्री-पुरुष तिच्याकडे वळले. इ. स. २००१ मध्ये आलेल्या 'ॲक्टिव्हा'ने तीच योजना देशभर रूढ केली.

३. रचना व कार्य

या यंत्रणेत दोन कप्प्या असतात. पुढची कप्पी इंजिनाच्या दंडावर बसविलेली असते. तिला चालक कप्पी म्हणावे. मागची कप्पी चाकाकडे शक्ती नेते; तिला चालित कप्पी म्हणावे. प्रत्येक कप्पी दोन शंकाकृती तबकड्यांची बनलेली असून त्यांतील एक तबकडी सरकू शकते. तबकड्या जवळ आल्या की पट्टा बाहेर, म्हणजे मोठ्या व्यासावर ढकलला जातो. दूर गेल्या की तो आत, लहान व्यासावर उतरतो.

स्कूटरीच्या चालक कप्पीच्या पोटात, कारागीर ज्याला व्हेरिएटर म्हणतात त्या भागात, गोल वजने म्हणजेच रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती केंद्रापासून दूर सरकतात व तबकडी पुढे ढकलतात. पट्टा पुढच्या कप्पीवर मोठ्या व्यासावर चढतो. पट्ट्याची लांबी तर ठरलेली. त्यामुळे मागच्या कप्पीवर तो आपोआप लहान व्यासावर उतरतो. मागच्या कप्पीतील स्प्रिंग तबकड्यांना जवळ ढकलीत असते व पट्ट्यावर योग्य तो दाब कायम ठेवते. अशा रीतीने निघताना जोर व धावताना वेग ही दोन्ही कामे मध्ये पायरी न येता साधतात.

पाचरीच्या आकाराचा लाभ किती, हे थोड्या गणिताने कळेल. दोर एखाद्या खांबाभोवती गुंडाळला असता त्याच्या दोन टोकांवरील ताणांत किती फरक टिकू शकतो, याचा नियम अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडला. घर्षणांक ०.३ व वेढा अर्ध्या वर्तुळाचा धरल्यास सपाट पट्ट्याच्या ओढणाऱ्या बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीचपट होईपर्यंत तो घसरत नाही. आता खाचेच्या भिंतींमधील कोन २८ अंश धरा. पाचरीच्या दाबामुळे परिणामी घर्षण सुमारे चौपट होते व वरील अडीचपटीच्या जागी सुमारे पन्नासपट येते. इतकी पकड असल्यामुळेच हातभर लांबीचा पट्टा माणसांसह स्कूटर चढावर ओढून नेऊ शकतो. मात्र ही पकड घर्षणांक टिकून आहे तोवरच असते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचनाचा आधार तीच आहे.

४. उष्णतेचे चार उगम

पहिला उगम पट्ट्याच्या वाकण्यात आहे. कप्पीवर चढताना पट्टा वाकतो, उतरताना सरळ होतो. रबर वाकविण्यास जेवढी ऊर्जा लागते तेवढी सगळी ते परत देत नाही. काही भाग त्याच्या अंगातच उष्णतारूपाने राहतो. हे एका वेळेस क्षुल्लक वाटते. परंतु समजा, इंजिन मिनिटास ६,००० फेरे करीत आहे, पुढच्या कप्पीवर पट्टा ८ सेंटिमीटर व्यासावर आहे आणि पट्ट्याची लांबी ८० सेंटिमीटर आहे. मग पट्टा सेकंदास सुमारे २५ मीटर वेगाने धावेल, सेकंदास सुमारे ३१ प्रदक्षिणा करील आणि प्रत्येक प्रदक्षिणेत दोनदा वाकेल. एका तासात त्याचा प्रत्येक भाग सव्वादोन लाख वेळा वाकून सरळ होईल. धातूची तार वारंवार वाकविली तर ती बोटांस गरम लागते, हा अनुभव येथे आठवावा.

दुसरा उगम सूक्ष्म सरकण्याचा आहे. ओढणाऱ्या बाजूस पट्टा किंचित ताणलेला व दुसऱ्या बाजूस किंचित आखडलेला असतो. हा बदल कप्पीवर असतानाच घडावा लागतो, म्हणून पट्टा कप्पीच्या भिंतीवर थोडासा सरकतोच. शिवाय वेगाचे प्रमाण बदलताना तो भिंतीवर आत-बाहेर घासत जातो. हे सरकणे टाळता येत नाही. ते या यंत्रणेच्या स्वभावातच आहे.

तिसरा उगम उघड घसरण्याचा. ओझे पकडीपेक्षा जास्त झाले, पट्टा ओला झाला, कप्पीस तेल लागले किंवा पट्टा झिजून अरुंद झाला, म्हणजे कप्पी फिरते व पट्टा मागे राहतो. अशा वेळी जेवढा वेग वाया जातो, तेवढ्या प्रमाणात शक्तीची उष्णता होते. चिखलात चाके रुतलेली असताना चालकाने इंजिन जोराने चालविले व पट्टा जागच्या जागी घसरला, तर इंजिनाची जवळजवळ सर्व शक्ती पट्ट्याच्या एका लहानशा तुकड्यावर उष्णता म्हणून उतरते. तेवढाच भाग काही सेकंदांत जळून त्यास खळगा पडतो. पुढे तो खळगा कप्पीवर आला की दर वेळी धक्का बसतो.

येथे स्कूटर व जोडासनी वाहन यांतील एक भेद सांगावयास हवा. स्कूटरीत मागच्या कप्पीशेजारी निराळा क्लच असतो. निघताना घसरतो तो क्लच, पट्टा नव्हे. पुष्कळशा जोडासनी वाहनांत मात्र असा निराळा क्लच नसतो. इंजिन मंद असताना पुढच्या कप्पीच्या तबकड्या पट्ट्यापासून दूर असतात. वेग वाढला की त्या पट्ट्यास पकडतात. म्हणजे तेथे पट्टा हाच क्लच होय व प्रत्येक वेळी निघतानाचे घसरणे त्यालाच सोसावे लागते.

चौथा उगम बाहेरचा. इंजिन व धूर बाहेर टाकणारी नळी यांची उष्णता पट्ट्याच्या पेटीपर्यंत पोहोचते. स्कूटरीत क्लचची उष्णताही त्याच पेटीत साठते.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाटेवरील थांबत-सरकत होणारा प्रवास पाहू. दोन माणसांसह स्कूटरीचे वजन २५० किलोग्रॅम धरले आणि थांबलेल्या स्थितीतून ताशी १८ किलोमीटर वेग येईपर्यंत क्लच घसरतो असे मानले, तर वाहनास सुमारे ३,१०० जूल इतकी गतिज ऊर्जा मिळते. या अवधीत इंजिनाचा वेग साधारण स्थिर असला, तर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. शंभर वेळा थांबून निघाल्यास ही उष्णता एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास जवळजवळ पुरेल. हे सर्व एका बंद पेटीत घडते आणि वाहन मंद असल्यामुळे बाहेरून वाराही फारसा लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर दूरचा प्रवास करणाऱ्या स्कूटरीपेक्षा शहरात घरोघर सामान पोहोचविणाऱ्या मुलाच्या स्कूटरीचा पट्टा लवकर का झिजतो, याचे उत्तर यात आहे.

५. उष्णता रबराचे काय करते

नुसत्या झाडाच्या चिकापासून केलेले रबर उन्हात पाघळते व थंडीत कडक होते. त्यात गंधक मिसळून तापविल्यास त्याच्या लांब रेणूंमध्ये आडवे सांधे बांधले जातात व ते टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर यांना इ. स. १८३९ मध्ये आढळले. आजचे पट्टे मुख्यतः कृत्रिम रबराचे असतात व त्यांच्या पोटात ताण सोसणारे धागे असतात. जोडासनी वाहनांच्या पट्ट्यांत बहुधा अरॅमिड जातीचे धागे वापरतात. या जातीतील प्रसिद्ध धागा स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ विदुषीच्या इ. स. १९६५ मधील संशोधनातून निर्माण झाला.

कारखान्यात उष्णतेने रबरात जे सांधे बांधले, तेच काम पुढे वाहनातील उष्णता चालूच ठेवते. त्यात हवेतील प्राणवायूची भर पडते. रबर हळूहळू कडक होते, त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत होतात, वाकण्याच्या जागी बारीक भेगा पडतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम रसायनशास्त्रात सांगतात. तो येथे लावला, तर ८० अंशांऐवजी १०० अंशांवर सतत चालणाऱ्या पट्ट्याचे वार्धक्य चौपट वेगाने येईल. नियम ढोबळ आहे. परंतु धोक्याची दिशा तो नीट दाखवितो.

धाग्यांची गोष्ट निराळी आहे. अरॅमिड धागा पुष्कळ उष्णता सोसतो. परंतु धागा व रबर यांना जोडणारा थर त्या मानाने दुबळा असतो. तो सुटला की धागे मोकळे होतात आणि पट्ट्याच्या कडेने तंतू लोंबू लागतात. असा पट्टा फार काळ टिकत नाही.

याहून मोठे संकट दुष्टचक्राचे आहे. पट्टा तापला की त्याचा पृष्ठभाग बदलतो व पकड कमी होते. पकड कमी झाली की घसरणे वाढते. घसरणे वाढले की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की पकड आणखी घटते. म्हणून पट्ट्याचे तापमान एका मर्यादेपर्यंत संथपणे चढते व ती ओलांडल्यावर एकाएकी भडकते. चालकास वाटते की पट्टा अचानक तुटला. वस्तुतः तो पुष्कळ वेळापासून तुटत असतो.

पट्टा तुटल्याचे परिणामही समजून घेतले पाहिजेत. इंजिन फिरत राहते, पण चाकास ओढ मिळत नाही. त्याबरोबर उतारावर इंजिनाकडून मिळणारा अटकावही नाहीसा होतो. घाट उतरताना सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. वेगाने फिरणाऱ्या पट्ट्याचे तुकडे पेटीचे आवरण फोडू शकतात, व त्याचे धागे कप्पीच्या दंडाभोवती आवळून बसले तर तेथील तेलरोधक कडे निकामी होते.

६. उष्णता बाहेर कशी काढावी

रबर हे उष्णतेचे मंदवाहक आहे. ॲल्युमिनियमच्या मानाने त्यातून उष्णता सुमारे एक-हजारांश इतक्याच सहजपणे वाहते. म्हणून पट्ट्याच्या गाभ्यातील उष्णता बाहेर येण्यास वेळ लागतो आणि वरून थंड वाटणारा पट्टा आतून तापलेला असू शकतो. ही उष्णता प्रथम कप्प्यांत व तेथून हवेत जाते. त्यासाठी चालक कप्पीच्या बाहेरील तबकडीवर पंख्याची पाती ओतलेली असतात. ती एका नळीतून, गाळणीतून, ताजी हवा ओढतात आणि दुसऱ्या तोंडाने गरम हवा बाहेर टाकतात.

किती हवा हवी? समजा, स्कूटरीचे इंजिन ६ किलोवॅट शक्ती देत आहे व तीपैकी १५ टक्के पेटीत वाया जाते. म्हणजे ९०० वॅट उष्णता झाली. ही कपड्यांच्या इस्त्रीएवढी आहे. बाहेरील हवा ३० अंश व बाहेर पडणारी ६० अंश असावी असे ठरविले, तर एक किलोग्रॅम हवा सुमारे ३० किलोजूल उष्णता नेईल. तेव्हा सेकंदास ३० ग्रॅम हवा लागेल. मुंबईस समुद्रसपाटीवर ती सुमारे २६ लिटर भरेल. बंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा विरळ आहे, म्हणून तेथे सुमारे २९ लिटर लागतील. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी तेवढ्याच लिटरांत समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच हवा असते. तेथील थंडीने ही उणीव पुष्कळशी भरून निघते. पण दुपारच्या उन्हात, खड्या चढणीवर, ओझ्यासह मंद चालताना ती जाणवल्याशिवाय राहत नाही. जोडासनी वाहनाचे इंजिन ६० किलोवॅटचे असेल, तर त्याच प्रमाणाने ९ किलोवॅट, म्हणजे एक किलोवॅटच्या नऊ विजेच्या शेगड्यांइतकी उष्णता काढावी लागेल. अशा वाहनास मोठ्या नळ्या, व काहींस निराळा विजेचा पंखा का लावतात, ते यावरून स्पष्ट होईल.

पंखा इंजिनाच्या दंडावर असल्यामुळे एक विसंगती उद्भवते. सर्वांत अधिक उष्णता निर्माण होते ती मंद वेगाने जड ओझे ओढताना. आणि इंजिन मंद असले की पंखाही मंद, म्हणून हवा त्याच वेळी सर्वांत कमी. यावर उपाय म्हणून पुष्कळशा जोडासनी वाहनांत पट्ट्याच्या पुढे दोन टप्प्यांची गिअरपेटी असते. जोराचा टप्पा निवडला की त्याच वाहनवेगास इंजिन व पंखा अधिक फिरतात, कप्प्या पट्ट्यास घट्ट धरतात आणि पट्ट्यावरील ओढ घटते. चिखल, वाळू, दगडी चढ, ओढून न्यावयाचे ओझे यांपैकी काहीही समोर असल्यास जोराचा टप्पा घ्यावा, हा पट्टा राखण्याचा पहिला नियम होय.

७. तापमान मोजणे

जळक्या रबराचा वास ही सर्वांत जुनी सूचना. पण ती येते तेव्हा हानी झालेली असते. फिरत्या पट्ट्यास तापमापक लावता येत नाही. म्हणून अवरक्त किरणांचा उपयोग करतात. हे डोळ्यांस न दिसणारे किरण विल्यम हर्शेल यांनी इ. स. १८०० मध्ये शोधले. प्रत्येक उष्ण वस्तू ते बाहेर टाकते, आणि तिचे तापमान वाढले की किरणांची शक्ती निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. पट्टा ६० अंशांवरून १२० अंशांवर गेला, तर तो जवळजवळ दुप्पट शक्तीने किरण फेकतो. पेटीच्या आवरणात बसविलेला लहानसा संवेदक हा फरक टिपतो व चालकापुढील तबकडीवर आकडा दाखवितो. काळे रबर हे किरण उत्तम रीतीने फेकते. चकचकीत धातू मात्र फारच थोडे फेकतो. म्हणून संवेदकाचे तोंड पट्ट्याकडेच असावे. कप्पीकडे असल्यास आकडा फसवा येईल.

आकड्यांचा अर्थ लावताना निर्मात्याचे सूचनापत्र प्रमाण मानावे. सामान्य व्यवहारात जोडासनी वाहनांचे जाणकार चालक ८० ते ९० अंशांपर्यंतचे तापमान निर्धोक समजतात. ९५ अंशांच्या वर गेल्यास सावकाश चालवितात. ११५ ते १२० अंशांजवळ वाहन थांबवून पट्टा निववितात. एकट्या आकड्यापेक्षा तो किती झपाट्याने चढतो, ही गोष्ट अधिक बोलकी असते. मिनिटाभरात २० अंश चढला, तर तो घसरण्याचाच पुरावा समजावा.

विद्यार्थ्यांसाठी या अभ्यासाचे एक चांगले क्षेत्र उपलब्ध आहे. इ. स. २००७ पासून पिथमपूर येथे 'बाहा' ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. तीत विद्यार्थी खडकाळ भूमीवर चालणारी एकासनी वाहने स्वतः बांधतात. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही तीत उतरत आले आहेत. इंजिनाची शक्ती सर्वांस सारखीच असल्यामुळे पट्ट्यात जो कमी गमावतो, त्याच्या चाकास अधिक मिळते. ज्या पिथमपुरात किनेटिक होंडाचे पट्टे प्रथम फिरले, तेथेच आजचे विद्यार्थी पट्ट्याचे शास्त्र हाताने शिकतात, हा एक मनोरम योग म्हणावयाचा.

८. चालकाने व कारागिराने पाळावयाचे नियम

(अ) नवा पट्टा बसविल्यावर पहिले ८० किलोमीटर सौम्यपणे चालवावे. मध्ये थांबून तो निवू द्यावा. त्यामुळे पट्ट्याच्या कडा कप्पीच्या भिंतींशी नीट जुळतात.

(आ) पट्टा बसविण्यापूर्वी कप्प्यांच्या भिंती पुसून पूर्ण कोरड्या कराव्या. ग्रीसच्या हाताचा एक ठसादेखील पकड घालवितो. गिरणीच्या पट्ट्यास टाकीत ती राळ येथे कधीही टाकू नये. या पट्ट्यास काही अंशी सरकावे लागतेच.

(इ) चढावर वाहन उभे ठेवावयाचे असल्यास ब्रेक वापरावा. इंजिनाच्या जोरावर तोलून धरू नये. गर्दीत हातभर अंतरासाठी दर वेळी मूठ पिळण्यापेक्षा पुढे पुरेशी जागा होऊ द्यावी व मग निघावे.

(ई) हवेची गाळणी व नळ्या ठरलेल्या काळाने स्वच्छ कराव्या. धुळीने भरलेली गाळणी पट्ट्याचा श्वास कोंडते.

(उ) पाण्यातून गेल्यावर पेटीचे निचऱ्याचे बूच उघडावे. गिअर न टाकता इंजिन थोडा वेळ चालवून पेटी कोरडी करावी.

(ऊ) जोडासनी वाहन फार तापले असता इंजिन लगेच बंद करू नये. वाहन उभे करून, गिअर न टाकता, दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवावे; कप्पीचा पंखा फिरत राहतो व पेटीतील उष्णता बाहेर जाते. बंद केल्यास पंखाही थांबतो आणि कप्प्यांची उष्णता पट्ट्यात मुरते.

(ए) पट्ट्याची रुंदी मोजून पाहावी. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेखाली ती गेली, कडा चकाकू लागल्या अथवा तंतू दिसू लागले, तर पट्टा बदलावा. वरून धड दिसतो म्हणून तो ठेवू नये.

९. समारोप

विजेवर चालणाऱ्या स्कूटरींत या जातीचा परिवर्ती पट्टा नसतो; त्यांचा प्रसार वाढेल तसे रस्त्यावरील या पट्ट्याचे महत्त्व कमी होईल. परंतु पेट्रोलच्या असंख्य स्कूटरी आजही धावत आहेत आणि दुर्गम भूमीवरील पुष्कळ वाहने याच पट्ट्यावर अवलंबून आहेत. गिअर बदलण्याचा त्रास या पट्ट्याने वाचविला. त्याचे मोल तो उष्णतेच्या रूपाने घेतो. ते मोल शून्यावर आणता येत नाही, कारण वाकल्याशिवाय व किंचित सरकल्याशिवाय पट्टा काम करूच शकत नाही. मात्र घसरणे टाळणे, वारा मोकळा ठेवणे आणि तापलेल्या पट्ट्यास विसावा देणे, या तीन गोष्टी चालकाच्या हातातल्या आहेत. त्या पाळल्या, तर तो पट्टा त्याच्या पेटीत, कोणाच्याही दृष्टीस न पडता, आपले आयुष्य पुरे करील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सपाट पट्ट्यापेक्षा पाचरीच्या आकाराचा पट्टा कमी घसरतो, याचे कारण सांगा.

२. स्कूटर व जोडासनी वाहन यांत निघतानाची उष्णता कोणत्या निरनिराळ्या भागांत निर्माण होते?

३. एका वाहनाच्या पेटीत ३ किलोवॅट उष्णता निर्माण होते. हवेचे तापमान ३० अंशांनी वाढू द्यावयाचे असल्यास सेकंदास किती ग्रॅम हवा लागेल?

४. तापलेल्या पट्ट्याची पकड कमी झाल्यावर तापमान एकाएकी का भडकते, ते क्रमाने लिहा.